त्याच इमारतीत गैरहजर

वाचनालयाच्या तळघरात एकोणतीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधणारा एक बाइंडर होता. वय एकसष्ट, अंगानं शिडशिडीत, बोलायला जेमतेम. सगळे त्याला काका म्हणत. बाळ म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, त्याची थोरली बहीण. ताई अडुसष्टची. नवरा गेल्यावर ती चार दिवस म्हणून भावाकडे आली, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. भावानं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे कुणाची परवानगी काढायचा प्रश्न नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघं राहत. ताईला ऐकू कमी यायचं आणि काकांना दिसायचं कमी. "दोघांचं मिळून एक धड माणूस होतं," असं ताईच म्हणायची आणि आपल्याच विनोदावर मोठ्यानं हसायची.

काकांच्या दुखण्यांची सुरुवात साखरेनं झाली. साखर एकटी येत नाही म्हणतात, तशी तीही सोयऱ्याधायऱ्यांना घेऊन आली. आधी उजवा गुडघा धरला. मग जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा कळलं की हृदय थकलंय आणि अंगात पाणी साठतंय. आणि शेवटी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार दुखणी, एकाच इस्पितळात चार खिडक्या, चार डॉक्टर. चौघेही आपापल्या जागी शहाणे. साखरेचा डॉक्टर म्हणायचा, रोज तासभर चाला. गुडघ्याचा म्हणायचा, चालणं कमी करा. हृदयाचा म्हणायचा, दम लागेल असं काही करू नका. डोळ्यांचा म्हणायचा, खाली वाकू नका, वजन उचलू नका. आणि काकांचं काम तर वाकून दाबयंत्राचा स्क्रू आवळायचं!

"अरे, मग काय हवेत तरंगायचं का?" ताई म्हणाली.

"तरंगायलाही तारीख घ्यावी लागेल," काका म्हणाले.

खरी गोची तारखांचीच होती. डोळ्यांच्या डॉक्टरनं मे महिन्यातच सांगितलं होतं, ऑपरेशन करू, पण आधी हृदयाच्या डॉक्टरचा कागद आणा की या माणसाला ऑपरेशन झेपेल. हृदयाच्या खिडकीवर त्या कागदासाठी तारीख मिळाली वीस ऑगस्ट. डोळ्यांची तारीख पडली नऊ सप्टेंबर. म्हणजे गणित बरोबर बसत होतं. फक्त वीस दिवस मधे, आणि एक पाऊल चुकलं की सगळं गडगडणार.

इकडे तळघरात दिवस कठीण जात होते. सुईत दोरा ओवायला काका आता दहा-दहा मिनिटं लावत. जुजबंदी, म्हणजे पानांचे गट एकेक करून शिवणं, ते बोटांच्या सवयीवर करत. बोटं अजून शहाणी होती. पण जूनमध्ये एका जाड शब्दकोशात सोळा पानांचा एक गट त्यांनी उलटा शिवला आणि पुठ्ठा चढवून पुस्तक वर पाठवूनही दिलं. ग्रंथपाल बाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. स्वभावानं चांगल्या होत्या, म्हणून ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं, असं काकांना वाटलं.

"काका, हे तुमच्या हातून झालंय यावर माझा विश्वास बसत नाही," बाई म्हणाल्या.

"डोळ्यांचं काम व्हायचंय, बाई. तारीख मिळालीय."

"लवकर उरकून घ्या. वरून विचारणा सुरू झालीय की बांधणीचं काम बाहेर का देऊ नये. वर्षअखेरपर्यंत मी थोपवून धरते. त्यापुढे माझ्या हातात नाही."

त्या गेल्यावर काकांनी शब्दकोशाची शिवण उसवली आणि पुन्हा घातली. या वेळी प्रत्येक गट नाकाला लावून, पानांचे आकडे वाचून.

वीस ऑगस्टला दोघं सकाळी सातलाच घरातून निघाली. हृदयाची ओपीडी पाचव्या मजल्यावर, लिफ्टपुढे रांग, तीही पार पडली. नंबर मिळाला सत्तेचाळीस. एरवी त्यांची ठरलेली पद्धत होती. भिंतीवरच्या पडद्यावर नंबर उमटायचा, तो ताई वाचायची. सिस्टर काही सांगायला लागली की काका ऐकायचे. पण त्या दिवशी पडदा बंद होता, आणि सिस्टर दारात उभी राहून तोंडानं नंबर पुकारत होती.

काकांना अंगातलं पाणी उतरवायची गोळी होती. सकाळी घेतली की दुपारपर्यंत दर अर्ध्या तासाला उठावं लागायचं. आणि शौचालय होतं लांबलचक पॅसेजच्या पार टोकाला. दोनांपैकी एकाच्या दारात बादली आडवी लावून बंद केलेलं. दोनदा जाऊन आले तेव्हा नंबर तिशीत होता. तिसऱ्यांदा उठायची वेळ आली तेव्हा बेचाळीस. त्यांनी मांडीवर मांडी घालून पाहिली, पुढचे पाच नंबर मनात मोजले, श्वास धरला. त्रेचाळीस आत गेला तो बाहेरच येईना. शेवटी ते दारापाशी गेले.

"सिस्टर, मी पटकन जाऊन येतो. माझा सत्तेचाळीस आहे."

"जा, पण लवकर या. मला थांबता येणार नाही हं."

"ताई, कान दे," काकांनी बहिणीच्या कानाशी जाऊन सांगितलं. "सत्तेचाळीस म्हणाली की हात वर कर."

"करते, करते. जा तू."

लंगडत जाणं, रांगेत दोघांच्या मागे थांबणं, लंगडत येणं. परत आले तेव्हा सिस्टर एकावन्न पुकारत होती. त्रेचाळीसनंतरचे बरेच नंबर आलेच नव्हते, त्यामुळे गाडी एकदम पुढे सरकली होती. आणि ताई दाराकडे टक लावून, सगळा जीव कानांत गोळा करून बसली होती. तिला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

खिडकीवरच्या कारकून बाईंनी वर न बघता सांगितलं, "गैरहजर लागलंय. नवीन तारीख सव्वीस नोव्हेंबर."

"अहो, मी इथेच होतो! शौचालयात."

"सगळे इथेच असतात, काका. मी तरी काय करू?"

तिचंही खोटं नव्हतं. तिच्यामागे कागदांचे गठ्ठे होते आणि पुढे माणसांचे.

दोघं घरी आली. कुलूप काढताना ताई म्हणाली, "माझ्यामुळे झालं." काका म्हणाले, "नाही गं." पण ते इतक्या हळू म्हणाले की तिला ऐकू गेलं नाही, आणि त्यांनी ते पुन्हा म्हटलं नाही. या गोष्टीची लाज त्यांना पुढे बरेच दिवस वाटत राहिली.

नऊ सप्टेंबरला ते तरीही डोळ्यांच्या खिडकीवर गेले, म्हटलं गयावया करून बघू. त्याआधीच्या रविवारी त्यांनी एक काम केलं होतं. वर्षभराचे सगळे सुटे कागद, चिठ्ठ्या, रिपोर्ट तारीखवार लावून, कडा छाटून, भक्कम शिवून त्यांची वही बांधली होती. वर करड्या कापडाचा पुठ्ठा. खिडकीवरच्या माणसानं ती उलटीपालटी करून बघितली.

"छान आहे. पण साखरेचा रिपोर्ट काढून द्या, कॉपी करायचीय. यंत्रात सुटा कागद लागतो."

"तो शिवलाय."

"मग उसवा."

खिडकीच्या दांडीला साखळीनं एक कात्री बांधलेली होती. काकांनी त्या बोथट कात्रीनं आपलीच शिवण कापली. एक कागद काढायचा तर सोबतचे सातही सुटले. रांगेतला मागचा माणूस घसा खाकरत होता. एवढं करून आत गेल्यावर डॉक्टरनं एका मिनिटात सांगितलं, हृदयाचा कागद नाही तर मी सुरी लावणार नाही, तीन डिसेंबरला या, कागद घेऊन या.

म्हणजे आता सगळा भार सव्वीस नोव्हेंबरवर आला.

बाहेर पडताना एका वॉर्डबॉयनं कळवळून सल्ला दिला. हृदयाच्या ओपीडीत मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन बसा, कुणी आलं नाही तर सिस्टर मधे घुसवते, नशीब असेल तर लागून जाईल. काका बसू लागले. पण नशीब अजमावायचं तर जागेवरून हलायचं नाही, हे ते ऑगस्टमध्ये शिकले होते. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांनी पाण्याची गोळी घेणं बंद केलं. त्या दिवशी पाणीही प्यायचे नाहीत. चार-चार तास ढिम्म बसून राहायचे. दुपारी बारा वाजता सिस्टर म्हणायची, "आज नाही झालं, काका," आणि ते अर्धी रजा टाकून तळघरात जायचे.

मग वाटलं, गोळी नाही घेतली तर कामातही बरं पडतं. तळघरातून शौचालयाला जायचं तर दोन जिने. गुडघा वाचतो. साप मेला आणि काठीही नाही मोडली, असं त्यांना वाटलं. दिवाळखोर माणूस जसा घरच्यांपासून तोंड लपवतो तसे ते गोळ्यांची गोष्ट ताईपासून लपवू लागले. सकाळची गोळी ते तळहातावर घ्यायचे, पाण्याचा घोट प्यायचे आणि गोळी खिशात टाकायचे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला चपलेचा पट्टा लागेना. ताई म्हणाली, "पाय सुजलेत का रे?" काका म्हणाले, "बसून बसून." मग आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून ते उशा भिंतीला लावून बसल्या बसल्या झोपू लागले. ताई विचारायची, ते म्हणायचे पाठ धरलीय. सव्वीस तारखेला आता तीनच आठवडे राहिलेत, आता दोनच. एकदा त्या दारातून आत गेलो की सगळं सांगून टाकू, असं ते मनाशी घोकत होते. माणूस बुडताना काठाकडे बघतो, पाण्याकडे बघत नाही.

तेवीस नोव्हेंबरला दुपारी वाचनालयातून घरी येताना दुसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर त्यांचा दम संपला. ते पायरीवर बसले. म्हटलं दोन मिनिटं. वर जायला अजून सत्तावीस पायऱ्या, खाली उतरायला एकवीस. दोन्हींपैकी एकही जमणार नव्हतं. छातीत कुणी ओला स्पंज भरल्यासारखं झालं होतं. ताईला हाक मारायची तर आवाज फुटेना, आणि फुटला असता तरी तिला गेला नसता. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं, चपला वाजल्या, दार बंद झालं. वरच्या खिडकीतून पडलेलं उन्हाचं चौकोनी ठिगळ त्यांच्या गुडघ्यावरून सरकत भिंतीवर गेलं. पाऊण तास ते तिथे होते. त्या पाऊण तासात त्यांना मरणाची भीती फारशी वाटली नाही. भीती वाटली ती ही, की आता सव्वीसला जाता येणार नाही. बरं झाल्यावर या विचाराचं त्यांना स्वतःलाच फार नवल वाटलं.

कचऱ्याची पिशवी घेऊन ताईच खाली उतरली. भावाचा निळसर चेहरा बघून तिनं पिशवी तिथेच टाकली आणि अशी काही किंकाळी फोडली की तिन्ही मजल्यांची दारं एकदम उघडली. शेजारच्या सुतारानं आणि त्याच्या भावानं खुर्चीत बसवून काकांना खाली नेलं.

इमर्जन्सीत ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. इंजेक्शन दिलं, तोंडाला ऑक्सिजन लावला. धाप खाली बसल्यावर ती स्टूल ओढून बसली.

"काका, पाण्याची गोळी घेत होता का?"

काकांनी ताईकडे पाहिलं. ताई डॉक्टरच्या ओठांकडे बघत होती.

"नव्हतो घेत. सहा आठवडे झाले."

"का?"

काकांनी खरं ते सांगितलं. पॅसेज, बादली, सत्तेचाळीस नंबर, सगळं. डॉक्टरीण हसली नाही आणि रागावलीही नाही. थोडा वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिली. मग म्हणाली, "गोळी सकाळीच घ्यायची असं कुणी सांगितलं? ओपीडीच्या दिवशी घरी परत गेल्यावर घ्यायची. चार तासांनी काही बिघडत नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं होतं?"

"विचारायलाच तर तारीख हवी होती, डॉक्टर."

तिनं एक कोरा कागद घेतला, चारही डॉक्टरांची औषधं एकाखाली एक लिहिली आणि त्यातली दोन एकाच कामाची निघाली म्हणून एक खोडली. वर्षभरात चौघांची औषधं एका कागदावर पहिल्यांदाच आली होती.

काकांना दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात ठेवलं. पाचव्या मजल्यावरच्या त्या कागदासाठी जी तपासणी लागायची, जिच्यासाठी ते तीन महिने ताटकळले होते, ती हृदयाची सोनोग्राफी वॉर्डात दुसऱ्याच दिवशी झाली. यंत्र ढकलत खाटेपाशी आणलं, दहा मिनिटांत काम उरकलं. सव्वीस तारीख उजाडली तेव्हा काका हाताला सलाइन लावून पडले होते. सिस्टरला म्हणाले, "आज माझी वर तारीख आहे." ती म्हणाली, "तुम्ही ॲडमिट आहात ना, मग कशाला हवी तारीख?" त्यांना ते पटलं. छताकडे बघत ते कितीतरी दिवसांनी आडवे होऊन झोपले.

अठ्ठावीसला घरी सोडलं. निघताना ताईनं पाचव्या मजल्यावर जाऊन कागद मागितला. खिडकीवर त्याच कारकून बाई.

"सव्वीसला गैरहजर लागलंय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा गैरहजर म्हणजे केस बंद. पुन्हा पहिल्यापासून नोंद करावी लागेल. मार्चची तारीख मिळेल."

"काय म्हणालात?" ताईनं कान पुढे केला.

"मार्च!"

"हो, हो, आत्ताच. मी थांबते." आणि ताई खिडकीच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"आजी, आत्ता नाही. मार्चमध्ये!"

"तो खाली वॉर्डात होता, बाई. तुमच्याच सलाइनला बांधलेला. इथून तीन मजले खाली. आणि तुम्ही म्हणता आला नाही. कसा येणार, खाटेसकट?"

मागची रांग हसली. शेजारी काका व्हीलचेअरवर मान खाली घालून बसले होते. कारकून बाईंनी आणखी तीनदा मार्च सांगितलं, तीनदा ताईनं "थांबते की" म्हटलं. शेवटी बाई उठल्या, वॉर्डाचा रिपोर्ट घेऊन आत गेल्या आणि वीस मिनिटांनी सही-शिक्क्याचा कागद घेऊन आल्या. कागदावर लिहिलं होतं, सहा आठवड्यांनंतर ऑपरेशन करायला हरकत नाही.

सहा आठवडे म्हणजे जानेवारी; डोळ्यांची तीन डिसेंबरची तारीख गेली, नवी पडली ती फेब्रुवारीची. वर्षअखेर त्याआधीच उलटली. बांधणीचं काम बाहेर गेलं. ग्रंथपाल बाईंनी भांडून एवढंच वाचवलं की जुनी, हातानंच दुरुस्त होणारी पुस्तकं तेवढी तळघरात राहतील, आणि काका आठवड्यातून तीन दिवस यावेत. काका म्हणाले, "तीन दिवस झेपतील, बाई." घरी येऊन मात्र ते दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डिसेंबरमधल्या सगळ्या दिवसांचा एकच रंग होता. सकाळी साखर तपासायची, पाय दाबून सूज बघायची, वजन लिहायचं, वाट बघायची. खिडकीतून समोरची भिंत दिसायची, तीही धुरकट.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. अर्ध्या तासाचं काम. डाव्याची तारीख पडली सप्टेंबरची. गुडघ्याच्या डॉक्टरची एप्रिलची होती, ती तशीच होती.

पट्टी काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काका टेबलापाशी बसले होते. एका डोळ्यानं का होईना, जग धुऊन काढल्यासारखं लख्ख दिसत होतं. कपाच्या कडेची चीर दिसली. ताईच्या साडीवरची बारीक फुलं दिसली, ती फुलं आहेत हेच ते विसरले होते. ताईनं चहा आणला. कप टेबलावर टेकला तेव्हा बशीवर टकटक वाजला, थोडा चहा सांडला. काकांनी तिच्या हाताकडे पाहिलं. उजवा हात थरथरत होता. तिनं तो पटकन पदराखाली घेतला. आणि चेहरा. डावा गाल बसला होता, मानेची हाडं वर आली होती. वर्षभरात ती निम्मी झाली होती.

"ताई, हे कधीपासून?"

"काय?"

"हात."

"ऐकू येत नाही."

काका उठले, टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि तिला ओठ दिसतील असे सावकाश म्हणाले, "हात. कधीपासून थरथरतोय?"

ताईनं हात पदराखालून बाहेर काढला. मग म्हणाली, "गेल्या पावसाळ्यापासून. आधी तुझं होऊ दे म्हटलं. दोघांच्या तारखा कोण सांभाळणार?"

"आणि वजन?"

"ते कपडेच सैल शिवलेत."

काकांनी चहा संपवला. गोळी खिशात न टाकता डबीतच ठेवली, परत आल्यावर घ्यायची म्हणून. चप्पल घातली. ताई नको नको म्हणत होती. आज नंबर मिळणार नाही, उशीर झालाय, तुझा डोळा अजून ओला आहे. त्यांनी तिचा हात धरला आणि दोघं पायऱ्या उतरू लागली, एक पायरी, थांबणं, एक पायरी.

नोंदणीच्या खिडकीवर तीस-चाळीस माणसं होती. दीड तासानं ती दोघं पुढे पोचली. खिडकीतल्या माणसानं काकांच्या डोळ्यावरचा हिरवा पडदा बघितला आणि हात पुढे केला.

"जुना केसपेपर द्या, काका."

"जुना नाही. नवीन काढायचाय."

"तुमचा?"

"माझ्या बहिणीचा."

माणसानं संगणकात पाहिलं. "सगळ्यात जवळची तारीख एकोणीस मे."

ताईनं विचारलं, "काय म्हणतोय?"

काकांनी तिच्या कानाशी वाकून सांगितलं. ताईनं मान डोलावली, पिशवीतून पेन काढलं आणि थरथरत्या हातानं तळहातावर लिहून घेतलं, एकोणीस मे. मग रांगेतल्या पुढच्या माणसाला जागा करून देत ती बाजूला झाली.